साईट गुगलवर दिसत नाहीये? आधी या चुका टाळा

साईट लाईव्ह केली, गुगलवर कुठेच दिसत नाही, आता कुठले कीवर्ड टाकू? हे विचारणारे रोज भेटतात. अहो पण पेज इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या यादीत, तरी आहे का ते बघा ना आधी, तिथेच नसेल तर रँकिंगचा प्रश्नच येत नाही. सर्च कन्सोल हे गुगलचं टूल फ्री आहे, त्यात यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पेजची लिंक टाकली की इंडेक्स झालंय की नाही, आणि नसेल तर का नाही, ते सरळ लिहून येतं.

वर्डप्रेसवाल्यांनी सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडून बघा. सर्च इंजिनांना लांब ठेवायचा एक चेकबॉक्स असतो तिथे, साईट बनवताना डेव्हलपर टिक करतो आणि मग काढायचं राहूनच जातं, आणि इकडे आपण महिनोन्महिने कंटेंटला शिव्या देत बसतो.

याच्यापेक्षा गोंधळाची चूक म्हणजे रोबॉट्स फाईल (robots.txt). बऱ्याच जणांना वाटतं त्यात पेज ब्लॉक केलं की ते गुगलवरून गेलं. नाही जात! ती फाईल फक्त क्रॉलरला, म्हणजे पेजं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या बॉटला, पेज वाचायला अडवते, बाहेरून कुणी लिंक दिली असेल तर नुसता पत्ता तरीही रिझल्टमध्ये येऊ शकतो. पेज खरंच काढायचं असेल तर नोइंडेक्स (हे पेज यादीत घेऊ नका असं सांगणारा टॅग) लावा, आणि मुख्य म्हणजे तेव्हा ते रोबॉट्समध्ये ब्लॉक करू नका, कारण बॉटला पेज उघडताच आलं नाही तर त्याला नोइंडेक्स दिसणार कसं? दोन्ही एकदम लावून ठेवतात लोक, वर म्हणतात डबल सेफ्टी.

मेटा कीवर्ड्स (पेजच्या कोडमध्ये लिहिलेली कीवर्डची यादी) भरत बसू नका, रँकिंगसाठी ते बघत नाही हे गुगलने 2009 मध्येच सांगितलंय. दुसऱ्या साईट्सवरून लिंक विकत घेणं तर सोडाच, गुगलच्या 2012 च्या पेंग्विन अपडेटने अशा कितीतरी साईट्स झोपवल्या. सगळ्या पेजला एकच टायटल नको. मोबाईलवर जागा कमी म्हणून मजकूर उडवत असाल तर थांबा, गुगल आता मोबाईलचंच व्हर्जन धरतं.

यूआरएल बदलली तर जुन्यावरून नव्या पेजवर 301 रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदललाय असं सांगून आपोआप नव्या पेजवर नेणारी सोय) द्या, सगळं होमपेजवर ढकलू नका, आणि निदान वर्षभर तरी ते काढू नका.

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोलमध्ये रिक्वेस्ट इंडेक्सिंग एकदाच दाबा. परत परत दाबून काही लवकर होत नाही, कधी दोन-चार दिवस, कधी काही आठवडे लागतात.