‘दिमीत्रिस’ नावाच्या माणसाला ओळखायचं कसं

ग्रीक माणसाचं नाव समजून घ्यायचं असेल तर अर्थापासून सुरुवात करू नका. अर्थ कुठल्याही नावांच्या यादीत एका ओळीत मिळतो आणि त्यातून माणूस काही सापडत नाही. ग्रीक मालकांच्या जहाजांच्या क्रू लिस्ट तपासणं हे माझं काम. त्यात मला सर्वांत जास्त छळणारं नाव हे, म्हणून तेच घेऊ.

आधी कागद बघा. पासपोर्टवर ‘दिमित्रिओस’ असतं. ते चर्चमधलं, औपचारिक रूप. रोजच्या बोलण्यात दिमीत्रिस, दोस्तमंडळींत मित्सोस किंवा मीमिस. लाडाच्या ‘दिमित्राकिस’चं नुसतं शेपूट उरलं की झाला ताकिस. पण ताकिस दिसला की लगेच दिमित्रिओस लिहून मोकळे होऊ नका, पानायोतिसलाही ताकिसच म्हणतात. अमेरिकेत जाऊन राहिलेला दिमीत्रिस बऱ्याचदा जिम किंवा जिमी होऊन परततो. रोमन लिपीत जुन्या कागदांवर ‘डी’नंतर ‘ई’ असतो, नव्यांवर ‘आय’. पासपोर्टवर जे असेल तेच उतरवायचं, आपली अक्कल चालवायची नाही.

हाक मारताना शेवटचा ‘स’ गाळा: ‘दिमीत्री!’ ग्रीकमध्ये संबोधनाला पुरुषी नावांचा हा ‘स’ जातो. वयानं मोठा असेल तर ‘किरिए दिमीत्री’. आघात ‘मी’वर. ‘द’ म्हणताना जीभ दातांना घट्ट चिकटवू नका, थोडी हवा जाऊ द्या.

आता खरा घोळ. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, ही तिथली जुनी रीत. म्हणजे आजोबा दिमीत्रिस असतील आणि त्यांना तीन मुलगे असतील, तर तीन चुलत भावांचं नाव आणि आडनाव तंतोतंत एक असू शकतं. अशी दोन भावंडं एकाच जहाजावर आली की जन्मतारीख आणि बापाचं नाव ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसतं. गावात लोकही तेच करतात: ‘यानिसचा दिमीत्रिस’, ‘कोस्तासचा दिमीत्रिस’.

लोकप्रियता मोजायची तीही याच वाटेनं. एखाद्या वर्षीच्या बारशांची यादी बघून फॅशन शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. यॉर्गोस, कोस्तास, यानिस, निकोस यांच्या जोडीनं दिमीत्रिस हे पुरुषांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या नावांपैकी एक आहे. बाप नाव ‘निवडत’ नाही, त्याच्यापुढे ते आधीच ठेवलेलं असतं. बाळाचं नाव बाप्तिस्म्याला ठेवण्याची पद्धत असल्यानं तोवर त्याला नुसतं ‘बेबिस’ म्हणतात, पण नाव काय असणार हे आजीला केव्हाचं ठाऊक असतं! आडनावांतही तेच नाव मुरलंय: दिमित्रिऊ, दिमित्रियादिस, दिमित्राकोपुलोस.

अर्थ शेवटी सांगतो, कारण तो एकटा फसवतो. दिमित्रिओस म्हणजे दिमित्राचा, म्हणजे डिमीटर या धान्यदेवतेचा. अलेक्झांडरनंतरच्या काळात हे राजांचं नाव होतं. इ.स.पू. 305 मध्ये ऱ्होड्सला वेढा घालणारा दिमित्रिओस ‘शहरं वेढणारा’ याच बिरुदानं प्रसिद्ध झाला. बॅक्ट्रियाचा दिमित्रिओस आपल्या नाण्यांवर हत्तीच्या मस्तकाचं शिरस्त्राण घालून मिरवतो. पुढे ख्रिस्ती धर्म आला आणि इ.स. 396 मध्ये एलेफ्सिनाचं देवीचं पीठ उद्ध्वस्त झालं. नाव मात्र टिकलं, कारण चौथ्या शतकाच्या आरंभी थेसालोनिकीत हुतात्मा झालेल्या संताचंही ते होतं. देवीचं नाव संताच्या आडोशाला राहिलं, हे मला फार गमतीचं वाटतं. त्याचं चर्च रोमन स्नानगृहाच्या जागेवर आहे. 1917 च्या आगीत ते जळालं, 1949 मध्ये पुन्हा उघडलं.

त्याचा दिवस 26 ऑक्टोबर. डायरीत लिहून ठेवायची ती हीच तारीख. मेंढपाळांचे करार सेंट जॉर्जच्या दिवशी सुरू होऊन या दिवशी संपत. शेवंतीला या संताचं नाव पडलंय, आणि ऑक्टोबरअखेरच्या उबदार दिवसांना ‘सेंट दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा’ म्हणतात. 1912 साली थेसालोनिकी ऑटोमन सैन्यानं ग्रीकांच्या स्वाधीन केली तीही, जुन्या कालगणनेप्रमाणे, याच तारखेला.

त्या दिवशी दिमीत्रिसला ‘ख्रोनिया पोल्ला’, म्हणजे ‘खूप वर्षं जग’, म्हणा. दिमित्रा नावाच्या बाईंनाही म्हणा, त्यांचा दिवस तोच. हा नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, कित्येकांना वाढदिवसाहून मोठा वाटतो, आणि मिठाई वाटायची ती त्यानंच. फक्त घरात नुकतंच कुणी गेलेलं नाही ना, याची आधी दुसऱ्या कुणाकडून चौकशी करा. सुतक असलं तर नामदिन साजरा करत नाहीत. पूर्वी लोक वर्तमानपत्रात तशी दोन ओळींची सूचनाही देत.