डॉक्टर येण्याआधी, औषध देण्याआधी

आजारी जनावराच्या नमुन्यावर प्रयोगशाळेतून ‘काहीही आढळले नाही’ असा कागद आला की गोठ्यात निकाल लागलेला असतो: सरकारी लॅब, तिथं काय सापडणार! माझं मत वेगळं आहे. असे बरेच कागद लॅबमध्ये जाण्याआधीच वाया गेलेले असतात. तीन दिवस इंजेक्शनं टोचून झाल्यावर काढलेलं रक्त, गव्हाणीखालून खरवडलेलं शेण, दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत तापलेली बाटली. यातून निदान कोणालाच जमणार नाही. नमुना काढणं हे पशुवैद्यकाचं काम, ते त्यांच्याकडेच राहू द्या. पण त्याच्या आधीची आणि नंतरची बरीच तयारी मालकाच्या हातात असते, आणि ती जनावर आजारी पडायच्या आधीच करून ठेवायची असते.

सुरुवात फोन नंबरांपासून करा. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि फिरत्या पथकाचा १९६२ हे तीन नंबर गोठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवा. मोबाइल घरातल्या एकाकडेच असतो आणि तो नेमका बाजारला गेलेला असतो. एका डब्यात थर्मामीटर, हातमोजे, मास्क, कापूस, न पुसला जाणारा मार्कर, पेन्सिल, रुंद तोंडाच्या स्वच्छ कोरड्या बाटल्या आणि झिपच्या पिशव्या ठेवा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरू नका, तळाशी राहिलेलं औषध जंतूंची वाढ रोखतं. फ्रीजरमध्ये दोन-चार आइसपॅक कायम गोठलेले असू द्या आणि एखादा थर्माकोलचा डबा टाकून देण्याऐवजी माळ्यावर ठेवा. रक्ताच्या नळ्या दवाखान्यातून मिळतात. त्यांच्यावर मुदतीची तारीख असते, ती उलटली की आतली निर्वात ओढ कमी झालेली असू शकते.

डब्यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे वही. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वय, वेत, किती महिन्यांची गाभण, लसी कोणत्या आणि कधी, हे सगळं आधीच लिहिलेलं असावं. आजार दिसला की त्यात भर घालायची: पहिलं जनावर कोणत्या दिवशी आजारी पडलं, आता किती आहेत, मेली किती, वासरंच पडतायत की मोठीही, बाजारातून नवीन जनावर आणलं होतं का, चारा-पाणी बदललं का, गोचीड किती आहेत. ताप सकाळ-संध्याकाळ मोजून आकडा लिहा; ‘अंग गरम लागतं’ यावरून लॅबला काही कळत नाही. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव लिहा, मेडिकलवाल्याने दिलेल्या पुडीसकट. हे लपवण्याची सवय फार वाईट. डॉक्टर रागावतील म्हणून मालक गप्प बसतो, आणि लॅबमधला माणूस अँटिबायोटिकने मारलेले जंतू शोधत बसतो.

म्हणून पहिला नियम: शक्य असेल तर आधी नमुना, मग औषध. जनावर अत्यवस्थ असेल तर अर्थातच उपचार थांबवायचे नाहीत, पण रक्ताच्या दोन नळ्या आणि एक काचपट्टी घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. डॉक्टर सुई भरायला लागले की तेवढं विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

रक्ताच्या नळ्यांची टोपणं वेगवेगळ्या रंगांची असतात आणि त्यात गफलत झाली की सगळं मुसळ केरात. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं. रक्त भरल्यावर ती आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करायची, खुळखुळ्यासारखी हलवायची नाही. यातलं रक्त पेशी मोजायला, गोचीड तापाचे परजीवी बघायला, पीसीआरला (जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला) चालतं. लाल टोपणाची नळी सीरमसाठी. ती सावलीत तिरकी करून तास-दोन तास हलवाहलव न करता ठेवायची, रक्त गोठून वर पिवळसर सीरम सुटलं की ते वेगळ्या नळीत काढून गार ठेवायचं. रक्त काढल्या काढल्या ती बर्फात घातली तर सीरम नीट सुटत नाही, आणि फ्रीजरमध्ये टाकली तर पेशी फुटून नुसतं लाल पाणी हाती येतं. म्हणजे फ्रीजचा खालचा कप्पा, वरचा नव्हे.

काचपट्टीवरचा रक्ताचा लेप ताप चढलेला असताना, कानाच्या टोकाच्या बारीक शिरेतून घेतलेला बरा, विशेषतः लघवी लाल होत असेल तेव्हा. लेप पातळ हवा, वाळल्यावर मिथेनॉलमध्ये पक्का केलेला हवा, आणि पट्टीवर नंबर पेन्सिलने लिहिलेला हवा, कारण शाई मिथेनॉलमध्ये विरघळून जाते. वाळत ठेवलेली पट्टी माश्यांपासून जपा. माश्या ती खरोखर चाटून साफ करतात. थायलेरियाचा (गोचिडांमुळे होणाऱ्या एका तापाचा) संशय असेल तर डॉक्टर खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठीत सुई घालून तिथलाही लेप घेतील, तेव्हा जनावर नीट धरायला दोन माणसं लागतात. ती आधीच बोलावून ठेवा. सर्रा या माश्या चावून पसरणाऱ्या आजारात परजीवी रक्तात येतात-जातात, म्हणून एका पट्टीत दिसले नाहीत म्हणजे नाहीतच असं समजू नका, पुन्हा ताप आला की पुन्हा पट्टी.

शेणाचं थोडक्यात: हातमोजा घालून गुदाशयातून, एक मूठभर, बाटली काठोकाठ भरून, गार. जमिनीवरच्या शेणात मातीतले कृमी शिरलेले असतात आणि ते पाहून भलतंच जंतनाशक सुचवलं जातं.

दुधाच्या नमुन्यात मात्र घाई नडते. दगडी (कासेची सूज) झाली की सडात औषधाची ट्यूब सोडण्याची आपल्याला भारी हौस, आणि तीन ट्यूबा झाल्या की मग तपासणी आठवते. सड धुऊन पूर्ण कोरडे करा, टोकं स्पिरिटच्या कापसाने पुसा. आधी पलीकडचे सड पुसायचे, मग अलीकडचे, आणि नमुना घेताना उलट, आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. निर्जंतुक नळी आडवी धरून चार-पाच मिलिलिटर दूध घेतलं तरी पुरतं. तांब्याभर दूध पाठवून काही जास्त कळत नाही. कोणता सड तो नळीवर लिहा. चारही सडांचं दूध एकत्र केलं तर आजारी सड कोणता हे लॅबला कधीच कळणार नाही.

गाय गाभडली तर पहिली काळजी घरच्या माणसांची. गाभडण्यामागे असू शकणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो, महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी देतो, आणि तो लागतो तो गाभडलेल्या वासराला, वारेला, स्रावाला उघड्या हाताने हात लावल्याने किंवा कच्च्या दुधातून. घरात कोणी गरोदर असेल तर तिला त्या बाजूला फिरकूही देऊ नका. वासरू आणि वार कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकायची रीत आजही गावोगाव आहे. ती बंद झाली पाहिजे, कारण नमुनाही जातो आणि रोगही पसरतो. हातमोजे घालून दोन्ही जाड पिशवीत बांधा, गार जागी ठेवा, डॉक्टरांना कळवा. सोबत गाईचं सीरम आज एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. गाभडल्या दिवशी रक्तातली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) पुरेशी वाढलेली नसू शकतात, म्हणून पहिली चाचणी नकारात्मक आली तरी हुरळून जायचं नाही. इथेच वहीचा उपयोग होतो: कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस टोचली असेल तर तिचीही प्रतिपिंडं चाचणीत दिसू शकतात, आणि लस कुठली, रोग कुठला हे नोंदीशिवाय उलगडत नाही.

लाळ्या खुरकूत वाटत असेल तर तोंड-खुरं पोटॅशिअम परमँगनेटने धुण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ताज्या फोडाचं सुटलेलं कातडं हा इथला सगळ्यात चांगला नमुना. तो ग्लिसरीनच्या खास द्रावणात जातो, आणि ते द्रावण दवाखान्यात आहे का हे फोनवरच विचारून घ्या. लम्पीत (अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगात) गाठीवरची खपली, नाकातला स्राव आणि जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त. खपलीत विषाणू बराच काळ टिकतो, तेव्हा गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नका.

आता न करण्याच्या गोष्टी, आणि यात सवलत नाही. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त येतंय, पोट झपाट्याने फुगलंय, अंग ताठ झालेलं नाही, तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स हा रोग, असू शकते. ते जनावर कापायचं नाही, कातडं सोडवायचं नाही, ओढत न्यायचं नाही. शरीर उघडलं की फाशीच्या जंतूंना हवा मिळते, ते बीजाणू बनतात आणि मातीत कित्येक वर्षं टिकून राहतात. डॉक्टर कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन पट्टी करतील; मिथिलीन ब्ल्यूने रंगवल्यावर निळ्या जंतूंभोवती गुलाबी आवरण दिसलं की निदान झालं, त्यासाठी पोट फाडावं लागत नाही. तोवर नैसर्गिक द्वारांत जंतुनाशकात भिजवलेला कापूस, कुत्र्या-कावळ्यांपासून राखण, आणि चुना व खोल खड्डा यांची तयारी.

फाशी नाही असं डॉक्टरांनी ठरवलं की शवविच्छेदन जितकं लवकर तितकं चांगलं. उन्हाळ्यात सकाळी मेलेलं जनावर संध्याकाळी उघडून फारसं काही कळत नाही. ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकासाठी अर्धा सेंटिमीटर जाडीचे, दसपट फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात), आणि ते कधी गोठवायचे नाहीत. जंतू वाढवण्यासाठीचे तुकडे मात्र फॉर्मेलिनपासून पूर्ण वेगळ्या डब्यात, कारण त्याची वाफसुद्धा जंतू मारते. घटसर्पाचा (जनावरांचा घसा सुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा) संशय असून प्रेत कुजायला लागलं असेल तर पायाचं लांब हाड न फोडता पाठवता येतं, आतली मज्जा उशिरा बिघडते.

ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर पडलं, म्हणजे किरळ लागली, तर आधी उपचार, पण पोटातला चारा आणि शेतातले तेच फुटवे हवाबंद पिशवीत भरून लगेच गोठवा. फुटव्यांतलं हे विष वाऱ्यावर उडून जातं. इथे फ्रीजर हवा, फॉर्मेलिन नको. पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याचं डोकं फोडून मारू नका, तपासायचा असतो तो मेंदूच, आणि डोकं सोडवायचं काम घरच्या कोणीही करायचं नाही. चावलेल्या माणसाने मात्र अहवालाची वाट न बघता जखम साबणाने धुऊन लस घ्यायला जायचं.

कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ नका. बर्ड फ्लूचा संशय असलेले नमुने प्रशिक्षित पथक घेतं आणि ते भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला उद्रेक पकडला गेला तो तिथल्याच तपासणीत. संक्रामक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचित (कायद्याच्या यादीतल्या) रोगाचा संशय कळवणं मालकावर बंधनकारक आहे. कळवलं तर कोंबड्या जातील ही भीती खोटी नाही, पण न कळवल्याने शेजाऱ्याच्याही जातात.

नमुना बांधताना तीन थर ठेवा: घट्ट बूच लावलेली नळी, तिच्याभोवती सांडलं तर शोषून घेईल इतका कापूस आणि गळणार नाही असा दुसरा डबा, बाहेर आइसपॅकसह थर्माकोलचा डबा. नुसता बर्फ टाकला तर पाणी होऊन लेबलं सुटतात. नंबर नळीच्या अंगावर लिहा, टोपणावर नव्हे. लॅबमध्ये टोपणं एकत्र पडतात. फॉर्म वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये डब्याच्या आतल्या झाकणाला चिकटवा. पुण्यातल्या औंधच्या किंवा जिल्ह्याच्या लॅबला पाठवण्याआधी दवाखान्यामार्फत फोन होऊ द्या, आणि शुक्रवारी दुपारी काहीही पाठवू नका. शनिवार-रविवार कार्यालय बंद, डबा दारात.

अहवाल आला की तो डॉक्टरांसोबत वहीतल्या नोंदींशेजारी ठेवून वाचा. तापातून उठलेल्या जनावरात थायलेरियाचे चार परजीवी दिसले म्हणून आजचा आजार तोच असेल असं नाही. बरी झालेली जनावरं ते अंगात बाळगतात. आणि दुसऱ्या सीरमची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवली असेल तर त्या दिवशी जनावर बरं दिसत असलं तरी नमुना द्या, त्याच बिल्ल्याच्या नंबराने, त्याच लॅबला, फॉर्मवर पहिल्या अहवालाचा क्रमांक टाकून.