फुची उंदराच्या किडनीत पेशी विभागताना बघायच्या असतील तर

पेशी विभाजनाच्या चक्रात कुठे आहे हे केंद्रकाच्या रंगावरून दाखवणारं तंत्र म्हणजे फुची. माझ्या पहिल्या फुची टाइमलॅप्सच्या (ठरावीक अंतराने फोटो घेऊन बनवलेल्या फिल्मच्या) शेवटी सगळ्या पेशी हिरव्यागार झाल्या होत्या. हिरवी म्हणजे विभाजनाच्या वाटेला लागलेली पेशी, एवढं मला पाठ होतं. खुशीत लॅब मीटिंगला स्लाइड लावली: 'विभाजन वाढलं.' सरांनी फिल्म दोनदा पुढेमागे केली आणि म्हणाले, "यातली एक तरी पेशी एकाची दोन होताना दाखव." एकही नव्हती. मी लेझर इतका चढवून ठेवला होता की डीएनएला इजा होऊन पेशी जी२ मध्येच, म्हणजे विभाजनाच्या अलीकडेच, अडकून बसल्या होत्या.

म्हणून मायक्रोस्कोपच्या आधी रंगांबद्दल. फुची हे तंत्र जपानच्या रिकेनमधल्या आत्सुशी मियावाकींच्या गटाने २००८ साली मांडलं. पेशीचक्राचे टप्पे चार: जी१ (वाढ), एस (डीएनएची प्रत), जी२ (तयारी) आणि एम (विभाजन). सीडीटी१ हे प्रथिन जी१ मध्ये साठतं आणि एस फेज सुरू झाली की पेशी ते तोडून टाकते. जेमिनिनचं उलट: एस, जी२, एम मध्ये असतं, विभाजन संपता संपता तोडलं जातं. या दोघांचे छोटे तुकडे घेऊन एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवं चमकणारं प्रथिन चिकटवलेलं आहे. त्यामुळे जी१ मध्ये केंद्रक लाल, एस ते एम हिरवं, आणि मधल्या उंबरठ्यावर दोन्ही असल्याने थोडा वेळ पिवळं. नुकत्याच जन्मलेल्या पेशीत हिरवं गेलेलं असतं आणि लाल अजून साठायचं असतं, म्हणून ती दिसतच नाही. ती मेलेली नाही, तिला मेलेल्यांत मोजू नका. लाल पेशीचंही तसंच. ती जी१ मध्ये असेल किंवा विभाजन कायमचं सोडून बसलेली असेल, नुसत्या रंगावरून ते कळत नाही.

(पहिल्या फुचीतले दोन्ही रंग प्रवाळांकडून आले होते. त्यातलं 'लाल' खरं तर केशरी होतं. त्या केशरी प्रथिनाच्या नावातलं 'कुसाबिरा' हे त्या प्रवाळाच्या जपानी नावातलंच.)

उंदीर कोणता? फक्त विभाजनं मोजायची असतील तर फुचीच्या भानगडीत पडू नका. एच२बी-जीएफपीचा (क्रोमोसोमवरच्या प्रथिनाला हिरवं चमकणारं जीएफपी जोडलेला) उंदीर पुरतो, त्यात क्रोमोसोम सतत चमकतात आणि ॲनाफेज (क्रोमोसोम दोन बाजूंना जाण्याचा क्षण) स्वच्छ दिसतो. पेशी चक्रात कुठे आहे हे हवं असेल तरच फुची. मूळ फुची उंदरात लाल आणि हिरवा हे दोन वेगळे ट्रान्सजीन (बाहेरून घातलेली जनुकं) आहेत, पिल्लांमध्ये त्यांची ताटातूट होते. एडिनबराच्या गटाने २०१४ मध्ये काढलेल्या फुची२ए उंदरात दोन्ही प्रथिनं जीनोममधल्या रोझा२६ या एकाच जागेवरून, एकाच आरएनएवर बनतात. शिवाय पुढे स्टॉप (रंग रोखणारा डीएनएचा तुकडा) आहे आणि तो क्रे नावाचं एन्झाइम कापून काढतं, म्हणजे क्रे असलेल्या पेशीतच रंग उमटतो. मी हाच वापरते.

किडनीच्या युरेटेरिक बडसाठी (फांद्या फुटत जाणाऱ्या नळीसारख्या अंकुरासाठी) क्रे हॉक्सबी७ची, म्हणजे या बडमध्ये चालू असणाऱ्या जनुकाच्या ताब्यातली. इथे एक खड्डा आहे. हॉक्सबी७-क्रेची एक लाइन अशी आहे की तिच्यात क्रेबरोबर जीएफपीही बसवलेलं आहे. ती घेतलीत तर सगळा बड कायम हिरवा दिसेल आणि फुचीचा हिरवा त्यात बुडून जाईल. पिंजऱ्यावरच्या कार्डात दोन्ही नुसती 'हॉक्सबी७-क्रे' म्हणून लिहिलेली असू शकतात. ब्रीडिंग लावण्याआधी विचारा.

क्रेचा नर हेटेरोझायगस (एकच प्रत असलेला) आणि फुचीची मादी होमोझायगस (दोन्ही प्रती असलेली) घेतली तर निम्म्या भ्रूणांत दोन्ही येतात. आठ पिल्लांत चार धरा. किती माद्या लागतील याचा हिशोब एथिक्स कमिटीच्या अर्जातच करावा लागतो. आम्ही संध्याकाळी जोड्या लावतो आणि सकाळी नऊच्या आत प्लग बघतो. प्लग म्हणजे योनीच्या तोंडाशी बसलेला पिवळट, घट्ट बुच. उशीर केलात तर तो गळून पडतो. आमच्या ॲनिमल हाउसच्या मामांना शेपटी जरा वर उचलताच कळतं, मला अजून बारीक चिमटा लागतो. प्लग दिसला त्या दिवसाची दुपार म्हणजे ई०.५, भ्रूणाचं वय अर्धा दिवस. प्लग म्हणजे गर्भ राहिलाच असं नाही, तेव्हा मादीचं वजन बघत राहा.

मला ई१२.५ ची किडनी सोयीची वाटते. भ्रूण थंड एल-१५ मीडियात (पोषक द्रवात) ठेवा आणि आधी फ्लुओरेसन्ट स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघून घ्या. बड चमकत असेल तोच घ्या, पीसीआर (डीएनएची तपासणी) नंतर खात्रीसाठी करा. किडन्या मागच्या पायांच्या पातळीवर, पाठीच्या बाजूला असतात. महागड्या सुया नकोत. इन्सुलिनच्या दोन सिरिंजा घ्या, एकीने धरा, दुसरीने सोडवा. ओढू नका, ओढलं की युरेटर तुटतो.

मग ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या ट्रान्सवेल मेम्ब्रेनवर (खालून मीडिया लागणाऱ्या पातळ पडद्यावर) ठेवा आणि वरचं पाणी टिपून घ्या. किडनी मीडियात बुडायला नको, वरून नुसती ओलसर राहायला हवी. मीडिया फिनॉल रेड नसलेला घ्या, त्या लालसर पाण्याचा बॅकग्राउंड फार येतो. मेम्ब्रेन तळापासून वर असतं, म्हणून लाँग वर्किंग डिस्टन्सचं २०एक्स लागतं. साधं लेन्स फोकसपर्यंत पोचतच नाही.

३७ अंश, ५ टक्के सीओ२, हे सगळे लिहितात. चेंबर तीन-चार तास आधी चालू करा हे कोणी लिहीत नाही. आमच्या खोलीत एसी आहे. तो चालू-बंद होतो तसा स्टेज मायक्रॉन मायक्रॉन सरकतो आणि पहाटे चारला किडनी फोकसबाहेर. पेंटिंग अर्धवट पुसल्यासारखी फिल्म मिळते. आता मी एसीचा झोत पुठ्ठ्याने अडवते. डिशभोवती ओल्या टिश्यूचा वळसा घालते, नाहीतर मीडिया सुकून खारट होतो.

हिरव्यासाठी ५१४ आणि लालसाठी ५६१ नॅनोमीटर. होएक्स्ट (डीएनएला चिकटणारा निळा रंग) घालून ४०५ चा लेझर मारू नका, पेशींना त्याचा त्रास सगळ्यात जास्त. पॉवर इतकी कमी ठेवा की पडद्यावरचं चित्र बघून जरा वाईट वाटेल. दर १० मिनिटांनी, १० स्लाइसचा स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरची १० चित्रं), ३६ तास. १०२४ पिक्सेलच्या सहा पोझिशन लावल्या तर पन्नासेक जीबी होतात. डिस्क आधी रिकामी करा, माझी एकदा रात्री दोनला भरली होती.

आता विभाजन ओळखायचं कसं? हिरवं केंद्रक नीट गोल ठिपका असतं. केंद्रकाचं आवरण फुटलं की तोच ठिपका एका फ्रेममध्ये फुगल्यासारखा होतो आणि फिकट पडतो, कारण हिरवं सगळ्या पेशीभर पसरतं. पेशी गोल होते, दोन होतात, आणि दोन्ही विझतात. हा क्रम दिसला तरच एक विभाजन मोजा. बडमध्ये नजर पोकळीकडे ठेवा. २०१३ मध्ये दिसून आलं की इथली पेशी विभागण्याआधी थरातून सुटून पोकळीत येते, तिथे विभागते, मग नव्या दोन पेशींतली एक जुन्या जागी परतते आणि दुसरी एक-दोन पेशी पलीकडे शिरते. त्यामुळे ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर तिथे हमखास चुकतं. मी हाताने करते, एका किडनीला दोन दिवस जातात.

आणि कंट्रोल. एकाच भ्रूणाच्या दोन किडन्या असतात. डावी मायक्रोस्कोपवर, उजवी साध्या इन्क्युबेटरमध्ये अंधारात. शेवटी दोन्हींच्या फांद्यांची टोकं मोजा. डावी मागे पडली असेल तर फिल्म कितीही सुंदर असो, टाकून द्या. नंतर दोन्ही ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये) फिक्स करा, त्यात दोन्ही रंग टिकतात, आणि फॉस्फो-हिस्टोन एच३ चा (विभागणाऱ्या पेशींची खूण असलेल्या प्रथिनाचा) स्टेन लावून मायटोसिस, म्हणजे विभाजनात असलेल्या पेशी, मोजा. मिथेनॉल मात्र नको. रंग जातो, आणि तो गेल्याचं स्टेनिंग पूर्ण झाल्यावरच लक्षात येतं.