‘मव्य स्पर्घा’ : ठळक तिरपी अक्षरं वापरायला शिकताना

डीटीपीच्या दुकानात कामाला लागलो त्याच महिन्यात कबड्डीच्या स्पर्धेचा फ्लेक्स हाती आला. खेळ म्हणजे वेग, म्हणून मी सर्वांत जाड फॉन्ट घेतला, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये धरून वीसेक अंश तिरपा ओढला आणि वरून दुहेरी आउटलाइन चढवली. स्क्रीनवर झकास दिसलं. छापून चौकात लागल्यावर आमचे काका म्हणाले, “पोरा, ही ‘मव्य स्पर्घा’ कुठं भरलीये?”

भ आणि म, ध आणि घ. दुरून यांना वेगळं ठेवते ती मुख्यतः शिरोरेषेतली छोटी फट. जाडी वाढली की ती आक्रसते, आणि आउटलाइनने माझ्याकडे ती पार बुजवली होती. तेव्हापासून ठळक फॉन्ट निवडताना मी आधी ‘भ, ध, थ, ष, र्धा’ टाइप करून पाहतो. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा टिकते का, एवढंच बघायचं.

तिरपेपणाची भानगड वेगळी. रोमन लिपीत त्याला जुनी परंपरा आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुटियस याने 1501 मध्ये अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये, म्हणजे तिरप्या अक्षरांत छापलं. हेल्वेटिका या रोमन फॉन्टच्या बोल्ड ऑब्लिकचा (ठळक तिरप्या प्रकाराचा) कल 12 अंशांचा आहे. देवनागरीत असे मुळातून रेखाटलेले तिरपे फॉन्ट कमीच. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फॉन्ट व्यावसायिक कामालाही फुकट वापरता येतात, पण दोन्हींत तिरपा प्रकार नाही. मग आपण ओढतो. ओढलं की शिरोरेषा तेवढीच जाड राहते, काना मात्र बारीक होतो. ‘ठ’ची गोलाई वर उजवीकडे आणि खाली डावीकडे फुगते, उरलेल्या बाजूंना रोडावते.

म्हणून मी हल्ली अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टमधून सोडवून नुसत्या आकारांत बदलून) 8 ते 10 अंशच झुकवतो, काना किंचित जाड करतो, गोलाई हाताने सारखी करतो. वेलांटी आणि रफार शेजारच्या मात्रेवर आदळत असतील तर सरकवतो. चार शब्दांना तासभर जातो. त्यामुळे हा थाट फक्त मथळ्याला, जर्सीवरच्या नावाला, नाहीतर ‘सेल’च्या पाटीला. पत्ता, तारीख, मान्यवरांची यादी सरळ अक्षरात. (मान्यवरांचे फोटो कमी करा म्हणून सांगायच्या फंदात नवख्याने पडू नये.)

छापायच्या आधी 10 फुटी फ्लेक्सची ए-4 वर प्रिंट काढा. ती साधारण एक-दशांश होते. भिंतीला लावून 8 फुटांवरून वाचली की 80 फुटांवरून काय दिसेल ते कळतं.

गिऱ्हाईक “अजून जरा तिरकं करा” म्हणतंच. मी 10 आणि 20 अंशांची प्रूफं शेजारी लावून दुरून वाचायला सांगतो. तरीही वीसच हवं असेल, तर प्रूफवर सही घेतो.