स्लायडर हलत नाही? कोडला हात लावण्याआधीची तयारी

स्लायडर म्हणजे पानावर सरकणारी चित्रांची पट्टी. इथे विषय वर्डप्रेस साइटवरच्या, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालणाऱ्या स्लायडरचा आहे. क्लायंटचा निरोप ठरलेला असतो: "स्लायडर चालत नाहीये." कुठल्या पानावर, कुठल्या फोनवर, कालपर्यंत चालत होता का, यातलं काहीच नाही. म्हणून एडिटर उघडण्याआधी चौकशी करा. पानाची लिंक, ब्राउझरचं नाव आणि जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग मागून घ्या. अलीकडे काय अपडेट केलं हेही विचारा. उत्तर बहुधा "काहीच नाही" असं येतं. तरी सर्व्हरवर जाऊन प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या तयार कोडच्या) फाइलींच्या तारखा बघा, कारण ऑटो-अपडेट कुणाला विचारून होत नाही.

मग बॅकअप घ्या आणि चालू साइटची एक प्रत वेगळी उभी करा. फक्त एक ओळ बदलायची असली तरी चालू साइटवर प्रयोग नकोत. इनकॉग्निटो खिडकी उघडा, एफ१२ दाबून डेव्हटूल्स (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) उघडा, त्यातल्या नेटवर्क टॅबमध्ये कॅश (साठवून ठेवलेल्या जुन्या फाइलींचा वापर) बंद करा, साइटवर कॅशिंग प्लगइन असेल तर त्याचीही कॅश पुसा. नाहीतर दुरुस्ती होऊनही जुनीच फाइल दिसत राहते आणि अर्धी दुपार जाते.

आता कन्सोल, म्हणजे डेव्हटूल्समधला चुका दाखवणारा भाग. दहा लाल ओळी असल्या तरी पहिली आधी वाचा, खालच्या बऱ्याचदा तिच्यामुळेच आलेल्या असतात. 'स्लिक इज नॉट अ फंक्शन' (स्लिक हा एक स्लायडर प्लगइन) दिसलं की नेटवर्क टॅबमध्ये जेक्वेरीच्या फाइली मोजा. पुष्कळदा दोन निघतात. थीमने एक आणलेली असते, स्लायडर तिला चिकटतो. मागून एखादा फॉर्मवाला प्लगइन स्वतःची दुसरी आणतो आणि पहिली झाकली जाते. या दुसरीला स्लायडर ठाऊकच नसतो. एकच फाइल असेल तर क्रम बघा, जेक्वेरी आधी आणि प्लगइन नंतर. जेक्वेरीवर 'डिफर' (पान वाचून झाल्यावर फाइल चालवण्याची सूचना) आणि प्लगइनवर नाही, असं असलं तरी क्रम उलटतो. आणि ती स्लिम, म्हणजे छाटलेली, आवृत्ती नाही ना, हेही पाहा, कारण तीत एजॅक्स (पान न बदलता सर्व्हरवरून माहिती आणणं) आणि अ‍ॅनिमेशन नसतं.

जेक्वेरीची आवृत्ती कागदावर लिहून ठेवा. २०१३ च्या १.९ मध्ये 'लाइव्ह' हे फंक्शन गेलं, २०१६ च्या ३.० मध्ये इव्हेंटसाठीचं (पान पूर्ण आल्यावर कोड चालवणारं) आखूड 'लोड' गेलं. जुन्या स्लायडरांत विंडोवर थेट 'लोड' लावलेलं असतं. नवी जेक्वेरी त्याला एजॅक्सचं 'लोड' समजते आणि 'इंडेक्सऑफ इज नॉट अ फंक्शन' अशी भलत्याच गोष्टीची तक्रार करते. तिथे 'ऑन' वापरून 'लोड' लिहिलं की काम होतं. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट (जुना कोड चालू ठेवणारी जोडफाइल) आपोआप जोडणं थांबवलं, तेव्हा त्याच्या आधारावर चाललेल्या कितीतरी जुन्या थीम्स अडल्या. मायग्रेट तात्पुरतं परत लावता येतं. पण त्याची विकासासाठीची, न आकसलेली (मिनिफाय न केलेली) आवृत्ती लावा, कारण कुठला कोड जुना झालाय याचे इशारे ती कन्सोलमध्ये देते. मला ते फुकटचं ऑडिट वाटतं.

सगळ्यात छळणारी केस मात्र अशी असते जिथे कन्सोल स्वच्छ असतो. एकदा पानावरच्याच एका टॅबमधला (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या भागातला) स्लायडर क्लायंटकडे कोरा दिसायचा आणि मी तपासायला एफ१२ दाबलं की लगेच ठीक. पुन्हा पान उघडलं, पुन्हा कोरा. भुताटकी वाटावी असा प्रकार! खरं कारण साधं होतं. टॅब बंद असताना डब्याची रुंदी शून्य, स्लायडरने तीच मोजली आणि प्रत्येक स्लाइड शून्य पिक्सेलची केली. एफ१२ ने खिडकी अरुंद झाली, 'रिसाइझ' (आकार बदलल्याचा इव्हेंट) सुटला आणि स्लायडरने पुन्हा मोजमाप घेतलं. टॅब उघडल्यावर स्लिकचं 'सेटपोझिशन' (पुन्हा मोजमाप घ्यायला लावणारं फंक्शन) बोलावलं आणि विषय संपला. म्हणून डेव्हटूल्स वेगळ्या खिडकीत उघडायची सवय ठेवा.

शिवाय एक कोरं पान कायम तयार असू द्या: एक जेक्वेरी, एक प्लगइन, तीन चित्रं. तिथे चाललं तर घोळ साइटवर आहे. मग प्रतीवरचे निम्मे प्लगइन बंद करा, उरलेल्यांत पुन्हा निम्मे. फाइली एकत्र करून आकसणारी सेटिंग मात्र सर्वांत आधी बंद करा, माझा पहिला संशय कायम तिच्यावरच असतो.

दुरुस्ती झाली की तपासणी तक्रार आलेल्या फोनवरच करून घ्या, आपल्यावर नाही.