डी-डायमरचा रिपोर्ट हातात घेताना या चुका टाळा

सात रस्त्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये गेल्या उन्हाळ्यात अक्कलकोटचा एक मुलगा पहिल्या एसटीनं आला. वडिलांना पोटाचा कॅन्सर, केमो चालू. आठवड्यापूर्वी दुसऱ्या लॅबमध्ये डी-डायमर (रक्ताची गाठ विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी तपासणी) ६२०, आमच्याकडे १३१०. "मॅडम, आठ दिवसांत दुप्पट? रक्ताची गाठ झाली काय हो?" पोराचे डोळे रात्रभर जागून लाल. मी चष्मा लावून आकड्याशेजारची बारीक अक्षरं वाचली. तिकडे डी-डायमर मोजायचं युनिट डीडीयू, आमचं एफईयू. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट येतो, म्हणजे वाढ नावापुरतीच. तरी पाय सुजलाय का, दम लागतो का, हे विचारून डॉक्टरांकडे पाठवलंच. तेव्हापासून मी प्रत्येक रिपोर्टवर युनिटला लाल पेनानं गोल करते. तुलना करायची तर एकाच लॅबचे रिपोर्ट घ्या.

डी-डायमरचं रक्त घ्यायची निळ्या झाकणाची ट्यूब अर्धी आणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट एक भाग, त्यात नऊ भाग रक्त हवं, म्हणून खुणेपर्यंत भरायची. केमोच्या पेशंटची शीर सापडत नाही, मान्य. पण एका नव्या पोरानं जांभळ्या ट्यूबमधलं रक्त ओतून निळी 'पूर्ण' केली! जांभळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू न देणारं दुसरंच रसायन. पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, भलताच लांबला. "मॅडम, वेळ वाचवला." वाचवला कसला, पेशंटला दुसऱ्यांदा सुई खावी लागली. भरल्यावर ट्यूब तीन-चारदा हळू उलटीसुलटी करा; लस्सी घुसळल्यासारखी हलवू नका.

खोराना स्कोअर (केमोच्या पेशंटला रक्ताची गाठ होण्याचा धोका सांगणारे गुण) काढताना डी-डायमर मोजणारेही भेटतात. मूळ स्कोअरमध्ये तो नाहीच. कॅन्सर कुठला, प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त, हिमोग्लोबिन १० च्या खाली किंवा ते वाढवायचं इंजेक्शन चालू, पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर, बीएमआय ३५ किंवा जास्त, एवढंच. डी-डायमर आणि पी-सिलेक्टिन (रक्तातलं एक प्रथिन) नंतर व्हिएन्नाच्या संशोधकांनी जोडले. आणि हे आकडे केमो सुरू होण्याआधीचे लागतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिल्यावरच्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) स्कोअर काढला, तर पांढऱ्या पेशींचा गुण फुकटच मिळतो.

वाढलेला डी-डायमर म्हणजे गाठच, असं नाही. ताप, ऑपरेशन, खुद्द कॅन्सर, कशानंही तो चढतो. पायातली गाठ बघायला डॉपलर सोनोग्राफी लागते.

प्लेटलेट अचानक ४० हजार दिसल्या, तर फोन फिरवण्याआधी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, मायक्रोस्कोपखाली बघा. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे त्या एकमेकींना चिकटून बसतात, मशीनला दिसत नाहीत.