तंबूत रुसलेला भिडू

भंडारदऱ्याला तंबू ठोकेपर्यंत एकाचं तोंड फुगतं आणि सगळ्यांचीच रात्र वाया जाते. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल पकडून निघालेला माणूस बहुतेक वेळा रागावलेला नसतो. भुकेला, ओला किंवा झोपेला आलेला असतो. म्हणून:

१. "काय झालं?" विचारू नका. आधी गरम चहा आणि चिक्की हातात द्या.

२. कोरडे मोजे द्या. माझ्या सॅकमध्ये एक जादा जोड याचसाठी असतो.

३. मग चूल त्याच्या ताब्यात. पिठलं त्यानेच ढवळायचं, आणि चवीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

४. थट्टा बंद.

मात्र डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय म्हणाला तर तो रुसवा नव्हे. ओआरएस पाजा, आडवं करा. बरं वाटेना तर डॉक्टर गाठा.